पर्वतीच्या माथ्यावरचे एक मिनिट

पर्वतीच्या पायथ्यापासून वर देवळापर्यंत १०३ पायऱ्या आहेत. गेली दीड वर्षे आठवड्यातून चार सकाळी मी त्या दोनदा चढते, आणि दुसऱ्या खेपेला शेवटच्या पायरीवर पाऊल पडले की देवाला हात जोडण्याआधी डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची दोन बोटे टेकवते. नेहमी भेटणाऱ्या एका आजींची बरेच दिवस अशी समजूत होती की माझा काही नेम आहे आणि मी मनातल्या मनात जप पुरा करत असते. प्रत्यक्षात मी नाडीचे ठोके मोजत असते. थांबल्याबरोबर १५ सेकंदांचे ठोके मोजायचे, मग संथ पावलांनी इकडेतिकडे फिरत राहायचे, आणि थांबल्यापासून बरोबर एक मिनिट झाले की पुन्हा १५ सेकंद मोजायचे. दोन्ही आकड्यांना चारने गुणून वजाबाकी करायची आणि उरलेला आकडा खिशातल्या वहीत टिपायचा. ही वजाबाकी नेमके काय मोजते, हे समजून घेण्यात माझे बरेच दिवस गेले.

मी संख्याशास्त्र शिकवते; वैद्यकाशी माझा संबंध येतो तो रुग्ण म्हणून. त्रेपन्नाव्या वर्षी छातीत जळजळ होऊ लागली. शेवटी तो आम्लपित्ताचाच प्रकार निघाला, परंतु वडिलांना आणि काकांना हृदयविकार असल्यामुळे आमच्या डॉक्टरांनी टीएमटी, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवत ईसीजी काढण्याची तपासणी, करून घ्यायला सांगितले. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत नेण्याची ही पद्धत अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाने ओळखली जाते. ताशी १.७ मैल वेग आणि १० टक्के चढ इथून सुरुवात होते आणि तिसऱ्या टप्प्यात वेग ३.४ मैल, चढ १४ टक्के होतो. त्या तिसऱ्या टप्प्यात मी हात वर केला. अहवालावर ‘निगेटिव्ह’ असा शेरा मिळाला, आणि वैद्यकात हा शब्द शुभ असतो हे मला एव्हाना ठाऊक होते. किती मिनिटे चालले, रक्तदाब कुठवर गेला, ठोक्यांची कमाल गती किती झाली, सगळे नीट छापलेले होते. मात्र पट्टा थांबल्यावर ती गती कशी उतरली याचा एकही आकडा त्यात नव्हता. खिडकीवर विचारले तर “सगळं नॉर्मल आहे मॅडम” असे उत्तर आले, आणि माझ्या मागे रांग होती.

सुदैवाने आलेखाची पाने जोडलेली होती. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो, म्हणजे एका मिनिटात एक-एक मिलिमीटरचे १५०० छोटे चौकोन होतात. दोन उंच टोकांमधले चौकोन मोजून १५०० ला त्यांनी भागले की मिनिटाची गती मिळते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा आणि टोकदार पेन्सिल घेऊन मी बसले. श्रमाच्या शिखरावरच्या पानावर दोन टोकांमध्ये ९ चौकोन भरले, म्हणजे गती १६७. एक मिनिटानंतरच्या पानावर कधी ११ भरत, कधी साडेअकरा. इथे एका चौकोनाची चूक झाली तरी गती दहा-बारा ठोक्यांनी बदलते, म्हणून सलग दहा अंतरांची एकत्र लांबी मोजली. ती ११२ चौकोन आली, म्हणजे गती १३४. वजाबाकी ३३. हा आकडा बरा की वाईट हे त्या दिवशी मला सांगता आले नसते, पण अहवालात छापलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला तोच अधिक बोलका वाटला.

जाता जाता सांगायचे तर, २२० मधून वय वजा करून कमाल गती काढण्याच्या सूत्राने माझे उत्तर १६७ च येते, आणि माझी कमालही नेमकी तेवढीच भरली. हा निव्वळ योगायोग आहे. एकाच वयाच्या माणसांमध्ये या कमाल गतीचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून इकडेतिकडे होणारा नेहमीचा फरक, १० ते १२ ठोक्यांचे असते. तेव्हा त्या सूत्रावरून आपण “शंभर टक्के” गाठले की नाही हे ठरवणे म्हणजे सरासरी उंचीचा सदरा सगळ्या वर्गाला शिवण्यासारखे आहे.

त्या वजाबाकीला महत्त्व आले ते मुख्यतः ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासामुळे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये ट्रेडमिल तपासणीसाठी पाठवलेल्या, सरासरी ५७ वर्षे वयाच्या २४२८ प्रौढांचा सहा वर्षे मागोवा घेतला गेला. श्रम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांची गती १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरली असे ६३९ जण, म्हणजे सुमारे २६ टक्के निघाले. सहा वर्षांत झालेल्या २१३ मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक याच चौथाई लोकांतले होते. सरळ तुलना केली तर त्यांचा धोका इतरांच्या चौपट दिसत होता. पण गती हळू उतरणारे लोक मुळात वयाने मोठे, अधिक आजारी आणि कमी चालू शकणारे असण्याची शक्यता असते. म्हणून वय, लिंग, औषधे, हृदयाच्या रक्तपुरवठ्यातले दोष, विश्रांतीची गती आणि किती श्रम झेपले या सर्वांचा हिशेब वजा केल्यावर चौपटीचे दुप्पट झाले. वर्गात मी हे उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरते. चौपट आकडा पाहून घाबरायचे नाही, कारण त्यातला निम्मा भाग दुसऱ्याच गोष्टींचा होता. आणि एवढे सगळे वजा करूनही दुप्पट उरते, तेव्हा त्या एका मिनिटात काहीतरी स्वतंत्र माहिती आहे हे मान्य करायचे. ही माणसे रस्त्यावरून निवडलेली नव्हती, डॉक्टरांनी तपासणीसाठी पाठवलेली होती, हेही विसरायचे नाही.

ती स्वतंत्र माहिती कोणती, हे शोधताना माझी एक जुनी समजूत मोडली. धावपळ झाली की हृदय जोरात चालते आणि धावपळ संपली की ते आपोआप मूळ गतीवर येते, जसा पंखा बंद केल्यावर फिरत फिरत थांबतो, असे मला वाटत असे. मुळात विश्रांतीची गती ही हृदयाची स्वतःची गतीच नव्हे. उजव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, त्याला एसए नोड म्हणतात, आणि कोणाच्याही आज्ञेविना तो ठराविक अंतराने विद्युतस्पंद सोडत राहतो. औषधांनी त्याच्यावरचा चेतासंस्थेचा सगळा अंमल तात्पुरता थांबवून मोजले, तर विसाव्या वर्षी त्याची अंगची गती मिनिटाला सुमारे १०७ भरते आणि वयाबरोबर घटत पन्नाशीत नव्वदीच्या आसपास येते. माझी सकाळची नाडी ६८ असते. म्हणजे मी अंथरुणात स्वस्थ पडलेली असतानाही कोणीतरी लगाम खेचून त्या घोड्याला त्याच्या स्वाभाविक चालीपेक्षा वीसेक ठोके हळू चालवत असते.

तो लगाम म्हणजे व्हेगस हा चेतातंतू. मेंदूच्या बुंध्यापासून निघून मानेतून, छातीतून थेट पोटापर्यंत तो जातो. लॅटिनमध्ये त्याच्या नावाचा अर्थच भटक्या असा आहे. त्याला विजेने चेतवले तर हृदय मंदावते आणि थांबतेही, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवले होते. परंतु तंतू हृदयाला हे सांगतो कसे, याचे उत्तर यायला १९२१ साल उजाडले. ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्याचा व्हेगस चेतवून ते मंद केले आणि त्याच्या भोवतीचा द्रव काढून दुसऱ्या हृदयाला दिला. दुसऱ्याला कोणताही तंतू जोडलेला नसताना तेही मंदावले. निरोप रसायनाच्या रूपाने जात होता, आणि ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. हा प्रयोग आपल्याला स्वप्नात सुचला, पहिल्या रात्री उठून केलेले टिपण सकाळी स्वतःलाच वाचता आले नाही आणि दुसऱ्या रात्री स्वप्न पुन्हा पडल्यावर आपण उठून थेट प्रयोगशाळेत गेलो, असे लोवी सांगत असत. १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांचे अक्षर वाईट आहे अशा माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट विशेष आवडते.

आता पर्वतीची पहिली पायरी. चढायला लागताच प्रथम लगाम सैल होतो, आणि नाडी शंभरीपर्यंत जाते ती मुख्यतः तेवढ्यानेच. त्यापुढे श्रम वाढले की चाबूक सुरू होतो, म्हणजे अनुकंपी चेतासंस्था जागी होऊन नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडू लागते आणि रक्तातले अ‍ॅड्रेनॅलिनही वाढते. माझी नाडी वर पोचेपर्यंत साधारण १५० झालेली असते. शेवटच्या पायरीवर थांबल्याबरोबर, पाय हलवण्याची मेंदूची आज्ञा संपते, स्नायूंकडून येणारे निरोप ओसरतात आणि लगाम पुन्हा खेचला जातो. अ‍ॅसिटिलकोलीनचा परिणाम एक-दोन ठोक्यांत दिसतो आणि ते तितक्याच झटपट नष्टही केले जाते, त्यामुळे या लगामाची पकड क्षणाक्षणाला बदलू शकते. चाबकाचे तसे नाही. सोडलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तंतूंत परत शोषले जायला आणि रक्तातले अ‍ॅड्रेनॅलिन ओसरायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या मिनिटातली झपाट्याची उतरण ही प्रामुख्याने लगामाची करामत असते, आणि त्यानंतरची रेंगाळणारी उतरण चाबूक खाली ठेवल्याची. जपानी संशोधकांनी १९९४ मध्ये अ‍ॅट्रोपिन देऊन, म्हणजे व्हेगसचा हृदयावरचा परिणाम औषधाने अडवून, हे पडताळले. तेव्हा पहिल्या तीस सेकंदांतली घसरण जवळजवळ नाहीशी झाली. त्याच अभ्यासात खेळाडूंची ही घसरण अधिक वेगवान आणि हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांची मंद आढळली.

लगामच नसेल तर काय होते, याचे चालतेबोलते उदाहरण म्हणजे हृदयारोपण झालेला माणूस. आरोपणात रक्तवाहिन्या शिवता येतात, चेतातंतू जोडता येत नाहीत. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, केपटाऊनमधल्या जगातल्या पहिल्या अशा शस्त्रक्रियेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत, हृदयारोपण केले होते. तो रुग्ण काही तासच जगला. भारतातले पहिले यशस्वी आरोपण दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी १९९४ मध्ये केले. अशा नव्या हृदयाची विश्रांतीतली गतीच मुळी ९० ते ११० असते, कारण ते लगामाविना आपल्या अंगच्या चालीने चालते. श्रम सुरू झाले तरी गती लगेच वाढत नाही, रक्तातून अ‍ॅड्रेनॅलिन येऊन पोचेपर्यंत ते वाट पाहते. आणि श्रम थांबले तरी ती लगेच उतरत नाही, कधी कधी तर थांबल्यानंतरही थोडा वेळ वाढतच राहते. बाकी सर्व बाबतींत ते हृदय निरोगी असू शकते. ते उत्तम आकुंचन पावते, रक्त नीट ढकलते, पण “आता पुरे” हे त्याच्या कानावर उशिरा पोचते. हे वाचल्यानंतर माझ्या वहीतल्या रकान्याचे नाव मी बदलले. आधी तिथे ‘हृदयाची ताकद’ असे लिहिले होते; ते खोडून ‘लगाम’ लिहिले.

मोजण्याच्या तऱ्हेवर आता जरा थांबावे लागेल, कारण याबाबत मी स्वतः पडता पडता वाचले आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत अचूकतेच्या हट्टापायी मी वर पोचताच खांबासारखी निश्चल उभी राहून मोजत असे. एके दिवशी मोजणी तिसाव्या ठोक्यावर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि शेजारचा कठडा हाताशी नसता तर माझी मोजणी जमिनीवर पूर्ण झाली असती. चालताना पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक शिरांतले रक्त पिळून वर ढकलत असतात. तुम्ही एकदम थांबलात की हा पंप बंद पडतो, पायांतल्या रक्तवाहिन्या मात्र श्रमामुळे अजून सताड उघड्या असतात, तेव्हा रक्त खालीच साचते आणि मेंदूकडे कमी पडते. त्या आजी धावत आल्या आणि “उपाशीपोटी कशाला एवढा नेम गं बाई!” म्हणत त्यांनी मला साखरफुटाणे खायला लावले. तेव्हापासून मी मोजतानाही पावले चालू ठेवते.

थांबण्याच्या तऱ्हेने माणूस पडतो तसाच आकडाही बदलतो. क्लीव्हलँडच्या १९९९ च्या अभ्यासात लोकांना एकदम थांबवले नव्हते. दोन मिनिटे मंद वेगाने चालते ठेवले होते, आणि १२ ची मर्यादा त्या पद्धतीची आहे. हृदयाच्या सोनोग्राफीसाठी श्रमानंतर लगेच आडवे केले जाते तिथे १८ ही मर्यादा वापरली गेली, कारण आडवे होताच पायांतले रक्त छातीकडे परत येते, दाब सांभाळण्यासाठी हृदयाला घाई करावी लागत नाही आणि गती अधिक भराभर उतरते. आणखी एका अभ्यासात पहिल्याऐवजी दुसऱ्या मिनिटाअखेरचा आकडा घेतला, तिथे मर्यादा २२ ची होती. तेव्हा कोणी नुसतेच “माझे वीस पडतात” असे म्हटले तर ते वीस उभ्याचे, चालत्याचे की पडल्याचे, आणि कितव्या मिनिटाचे, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पर्वतीवर मात्र हे कोणी विचारत नाही. आमच्यातले दोन निवृत्त गृहस्थ आपापले आकडे क्रिकेटच्या धावांसारखे सांगतात, आणि त्यांतले एक रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकरची गोळी घेतात. ही गोळी चाबूकच बोथट करते, त्यामुळे त्यांची नाडी १२० च्या वर जातच नाही. जे फारसे चढलेच नाही ते उतरणार किती! दोघांची तुलना निरर्थक आहे हे मी एकदा समजावून पाहिले. त्यानंतर ते मलाही माझा आकडा विचारू लागले.

नाडी मनगटावरच मोजावी, गळ्यावर दाबून मोजू नये, हेही मी उशिरा शिकले. गळ्यातल्या धमनीच्या फाट्यापाशी रक्तदाब जोखणारी जागा असते. तिथे बोट दाबले की शरीराला दाब वाढल्याचा भास होतो आणि व्हेगसच चेतवला जाऊन गती उतरते. म्हणजे जी गोष्ट मोजायची तीच मोजणाऱ्याच्या बोटाने घडवून आणायची. संख्याशास्त्रात अशा मोजणाऱ्याला आम्ही नापास करतो.

माझ्या मोजणीतली दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. १५ सेकंद मोजताना एका ठोक्याची चूक चारने गुणली जाते, आणि दोन मोजण्यांच्या वजाबाकीत चार-पाच ठोके सहज इकडचे तिकडे होतात. शिवाय पहिले १५ सेकंद चालू असतानाच गती घसरत असते, म्हणून माझा पहिला आकडा शिखराचा नसून साधारण साडेसातव्या सेकंदाचा असतो, आणि दुसरा साडेसदुसष्टाव्या सेकंदाचा. अंतर एक मिनिटाचेच, पण उताराचा सर्वांत तीव्र तुकडा त्यातून निसटलेला. टीएमटीच्या कागदावर ३३ आले आणि पर्वतीवर सुरुवातीला २० च्या आसपास येत राहिले, याचे एक कारण हे, आणि दुसरे असे की तिथे शिखर १६७ चे होते व इथे १५० चे. मुलाने दिवाळीला मनगटी घड्याळ दिले तेव्हा वाटले की आता हा त्रास संपला. हे घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडून रक्ताच्या लाटेबरोबर परतणारा प्रकाश कसा कमी-जास्त होतो ते पाहते, आणि हात हलल्यामुळे येणारा गोंधळ गाळण्यासाठी काही सेकंदांची सरासरी काढते. त्यामुळे मी थांबल्यावरही त्याचा आकडा क्षणभर चढतच असतो, मग घाईघाईने उतरू लागतो. बोटांनी २८ मोजले त्या दिवशी घड्याळाने २१ दाखवले. मी ते वापरते, पण वहीत त्याला वेगळा रकाना आहे.

आता वहीविषयी. पहिल्या दोन महिन्यांची सरासरी २१ होती, गेल्या दोन महिन्यांची २७ आहे. नियमित व्यायामाने ही उतरण सुधारते, हृदयविकारानंतर देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या रुग्णांमध्येही ती सुधारलेली दिसली आहे, त्यामुळे हा फरक खरा असावा असे मला वाटते. पण त्या दोन आकड्यांच्या मध्ये जे आहे ते सरळ रेषेसारखे मुळीच नाही. एप्रिल-मे महिन्यांत सरासरी पुन्हा २० वर आली. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की नाडी साधारण आठ ते दहा ठोक्यांनी वाढते, आणि चढणीने तापलेले शरीर थंड करायला रक्त त्वचेकडे वळवावे लागते. पुण्याच्या उन्हाळ्यात सकाळी साडेसहालाही ते काम लवकर उरकत नाही. झोप नीट झाली नाही त्या दिवशी आकडा हमखास खाली येतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या आठवड्यातली पाने पाहिली तर ते शेऱ्याविनाही ओळखता येते.

आणि एक पान आहे ज्यावर १२ लिहिले आहे. पावसाळ्यात विषाणूचा ताप येऊन गेला, चार दिवस अंगात कणकण नव्हती, तेव्हा बरे वाटते आहे असे म्हणून मी चढले. शिखर नेहमीपेक्षा जास्त, १६० च्या घरात गेले, आणि एक मिनिटानंतर १४८. मी पुन्हा मोजले, पण दुसऱ्यांदा मोजता येत नाही, ते मिनिट गेलेले असते. अभ्यासातली १२ ची मर्यादा पाठ असल्यामुळे घरी येईपर्यंत मनात नाही नाही ते विचार येऊन गेले. डॉक्टरांना दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी आकड्याकडे फारसे लक्ष न देता तीन प्रश्न विचारले: छातीत दुखले का, भोवळ आली का, धाप नेहमीपेक्षा जास्त लागली का. तिन्हींची उत्तरे नकारार्थी होती. “मग दोन आठवडे सपाटीवर चाला,” एवढेच ते म्हणाले. तापानंतर रक्तातला द्रव कमी असतो, लगाम ढिला असतो, आणि एकाच दिवसाचा एकच आकडा मोजणीच्या चुकीसकट आलेला असतो. हे सगळे मला माहीत होते. तरीही पुढचे १६, १६, २०, २० हे आकडे उतरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेकडो विद्यार्थ्यांना मी एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नका असे शिकवले आहे. ते निरीक्षण स्वतःच्या मनगटावरचे नसेल तेव्हा हे सांगणे सोपे असते.

या मोजणीवर माणसांपेक्षा अधिक गंभीरपणे विश्वास ठेवणारी एक जमात आहे, ती म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडदौडीतले पशुवैद्य. या शर्यतींत दर टप्प्यानंतर घोडा ठरावीक मिनिटांच्या आत नाडीची मर्यादा गाठतो की नाही हे पाहतात. ही मर्यादा बहुतेक ठिकाणी ६४ ची असते. विश्रांतीत घोड्याची नाडी ३० ते ४० आणि भरधाव असताना २०० च्या पुढे जाते, त्यामुळे ६४ वर येणे म्हणजे त्याने खरोखरच दम खाल्लेला असणे. वेळेत नाडी उतरली नाही तर तो घोडा कितीही पुढे असला तरी बाद होतो. त्यातली एक चाचणी मला फार आवडते. नाडी मोजायची, घोड्याला थोडे अंतर दुडक्या चालीने नेऊन परत आणायचे, आणि दुडकी सुरू केल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजायची. नाडी पूर्वीइतकीच किंवा त्याहून कमी आली तर घोडा ताजा आहे. घोडा “मला काही होत नाही” असे खोटे सांगू शकत नाही, आणि पर्वतीवरच्या गृहस्थांशी त्याची तुलना करण्याचा मोह मी इथे आवरते.

पहिल्या मिनिटानंतरची उतरण मी सहसा मोजत नाही, फक्त अनुभवते. नाडी ६८ वर परत यायला मला पाऊण तास तरी लागतो, कडक चढाई झाली असेल तर त्याहून जास्त. शरीराचे तापमान, रक्तात उरलेले अ‍ॅड्रेनॅलिन, घामावाटे गेलेले पाणी, स्नायूंतली साफसफाई आणि त्यासाठी लागणारा जास्तीचा प्राणवायू, या सगळ्यांचे हिशेब सावकाश मिटत असतात. घरी येऊन चहा ठेवला, दूध आणले, वर्तमानपत्र चाळले तरी नाडी ७५-७८ वरच रेंगाळते, त्यात काळजीचे काही नाही.

तोवर वर कठड्यावर बसले असताना एक गोष्ट घडते, तिची वाट मी अलीकडे आकड्यापेक्षाही जास्त पाहते. विश्रांतीत आपली नाडी पूर्णपणे एकसारखी नसते. श्वास आत घेताना ती किंचित लगबग करते आणि सोडताना रेंगाळते, कारण श्वासाबरोबर व्हेगसचा लगाम सैल-घट्ट होत असतो. जोराच्या श्रमात हा चढउतार नाहीसा होतो. थांबल्यावर पहिली काही मिनिटे बोटांखाली ठोके शिलाई यंत्राच्या टाक्यांसारखे एका अंतराने पडत राहतात, नुसते सुटत जातात, हळू होतात. मग दहाव्या-बाराव्या मिनिटाला, सिंहगडावरचे मनोरे धुक्यातून दिसू लागले असतील तर त्यांच्याकडे पाहत मी एक दीर्घ श्वास सोडते, आणि त्याच्या शेवटी एक ठोका अर्ध्या पावलाने उशिरा येतो. पुढच्या श्वासाला पुन्हा तसेच होते. मग मी बोटे काढते आणि आजींनी देवळातून आणलेले साखरफुटाणे घ्यायला हात पुढे करते.